ल्युपसमध्ये मन बिघडलं, तर आधी तारखा मांडा

ल्युपस असलेल्या घरांतून काही प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारले जातात. ‘सून चार रात्री झोपलेली नाही, शेजारी पाळत ठेवतात म्हणते, हे आजाराचं की गोळ्यांचं?’ ‘एमआरआय नॉर्मल आलाय, म्हणजे मनाचंच आहे ना?’ ‘बोलताना साधे शब्द आठवत नाहीत, ल्युपस मेंदूत शिरला का?’ या प्रश्नांना एका ओळीत उत्तर मिळालं की बरं वाटतं, पण त्या एका ओळीवर पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात. ‘ल्युपसमुळे’ म्हटलं की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढतात. ‘स्टेरॉइडमुळे’ म्हटलं की स्टेरॉइड उतरवावं लागतं. ‘संसर्ग’ म्हटलं की तिसराच रस्ता. एकाच लक्षणावर असे उलटसुलट उपचार निघत असतील, तर निदानातली घाई आणि निदानातला आळस दोन्ही सारखेच महागात पडतात.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. दर १० रुग्णांत साधारण ९ बायका, आणि बहुतेकींचा आजार सुरू होतो तो १५ ते ४५ या वयात. कातडी, सांधे, मूत्रपिंड, रक्त यांच्या जोडीला मेंदू आणि मज्जातंतूही त्याच्या तावडीत सापडू शकतात. १९९९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं अशा त्रासांची १९ नावं ठरवली. त्यांतली १२ मेंदू आणि मज्जारज्जूची, ७ बाहेरच्या मज्जातंतूंची. यादीत आकडी आणि पक्षाघात आहेत, तशी चिंता, उदासी आणि डोकेदुखीही आहे. घोटाळा इथेच होतो. यादीत नाव आहे म्हणून कारण ल्युपसच, असं ती यादी म्हणत नाही. चिंता आणि डोकेदुखी ल्युपस नसलेल्या माणसालाही होतेच. अनेक देशांतल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासांत असे जे त्रास नोंदले गेले, त्यांतले ढोबळमानानं एक तृतीयांशच ल्युपसच्या खात्यावर टाकता आले. उरलेल्यांचं कारण दुसरीकडे होतं.

म्हणून या लेखाचं म्हणणं असं, की मेंदूत किंवा मनात काही बिघडलं तर ल्युपस संशयित जरूर आहे, पण त्याच्यावर शिक्का मारण्याआधी बाकीचे संशयित एकेक करून तपासावे लागतात. हे काम कोणतंही एक यंत्र किंवा एक रक्ततपासणी करत नाही. ते बरंचसं होतं घटनांच्या क्रमावरून, आणि तो क्रम डॉक्टरांना ठाऊक नसतो. तो तुम्हाला ठाऊक असतो.

आधी हे: कशासाठी सकाळची वाट पाहायची नाही

तारखा मांडायला वेळ आहे की नाही, हे प्रथम ठरवा. खालीलपैकी काही दिसलं तर कागद नंतर. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं मोठं रुग्णालय गाठा.

- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यामुळे ‘शेवटचं ठीक कधी होतं’ ती वेळ लक्षात ठेवा.
- आयुष्यातली पहिली आकडी, पाच मिनिटांहून जास्त चाललेली आकडी किंवा एकीमागून एक येणाऱ्या आकड्या.
- ताप, डोकेदुखी, उलट्या आणि वाढत जाणारी गुंगी. मान आखडली नसली तरीही.
- दोन्ही पायांतली शक्ती जाणं, कमरेखाली बधिरपणा, लघवी अडकणं. हा मज्जारज्जूचा दाह असू शकतो.
- एका किंवा दोन्ही डोळ्यांनी एकाएकी कमी दिसणं.
- जीव नकोसा झाल्याचं बोलणं किंवा तशी तयारी. अशा वेळी माणसाला एकटं ठेवू नका. घरातल्या गोळ्यांचा साठा बाजूला करा. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येतं.

गुंगी वेगळी, भ्रम वेगळा

घरी आपण दोन्हींना ‘भ्रमिष्टासारखं करते’ म्हणतो, पण निदानाच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. गुंगीत, म्हणजे डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात त्यात, लक्षच लागत नाही. माणूस सकाळी ठीक बोलतो, संध्याकाळी आपल्याच घरात ‘घरी कधी जायचं’ विचारतो. मानसिक भ्रमात भान शाबूत असतं. वार, तारीख, माणसं ओळखू येतात, पण आवाज ऐकू येतात किंवा कोणीतरी आपल्या वाईटावर आहे ही समजूत हलत नाही. एक साधी चाचणी घरीच करता येते. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: शनिवार, शुक्रवार, गुरुवार. मधेच हरवत असेल, प्रश्नच विसरत असेल, तर गुंगीची शंका धरा.

गुंगीमागे बहुधा शारीरिक कारण असतं: संसर्ग, सोडियम घसरणं, मूत्रपिंड थकणं, साखर वरखाली होणं, रक्तदाब अचानक चढणं. २०१९ च्या युरोपीय-अमेरिकी वर्गीकरण निकषांतही हा फरक पाळलेला आहे. तिथे गुंगीला २ गुण, भ्रमाला ३ आणि आकडीला ५. भ्रमाचे गुण देताना गुंगी नसल्याची अट आहे. एकूण १० गुण लागतात आणि ल्युपसपेक्षा दुसऱ्या कारणानं जास्त चांगला उलगडा होत असेल, तर ते लक्षण मोजायचंच नाही, हा नियम सगळ्या निकषांवर लागू आहे. हे गुण अभ्यासांत रुग्ण निवडण्यासाठी आहेत. त्यांची बेरीज घरी करून निदान ठरवू नका. त्यामागची शिस्त मात्र उचलण्यासारखी आहे: आधी दुसरं कारण शोधा.

तारखांचा कागद कसा करायचा

पुष्कळ घरांत स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्याच्या चौकटींत दुधाचे रतीब, गॅस लावल्याची तारीख, हळदीकुंकवाचं आमंत्रण लिहिलेलं असतं. तेच उतरवून घ्या. फोनमधले संदेश, औषधांच्या दुकानाची बिलं, प्रयोगशाळेचे रिपोर्ट यांवरून मागचे तीन महिने सहज उभे राहतात. एका उभ्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात औषध आणि मात्रा, तिसऱ्यात काय दिसलं. ‘विचित्र वागली’ असं न लिहिता जे घडलं ते लिहा. उदाहरणादाखल असा एक कल्पित कागद पाहा:

- ३ जून: लघवीत प्रथिनं वाढली म्हणून प्रेडनिसोलोन १० वरून ६० मिलिग्रॅम.
- ७ जून: झोप जेमतेम तीन तास. पहाटे चारला डबे काढून घासले.
- ९ जून: बोलणं थांबेना. मोबाइलवरून तीन वेळा साड्या मागवल्या.
- १२ जून: ‘समोरचे माझ्यावर नजर ठेवतात.’ ताप नाही. वार उलटे नीट म्हटले.

या चार ओळी वाचून डॉक्टरांचा पहिला संशय स्टेरॉइडवर जाईल. आता हाच १२ जूनचा संवाद तसाच ठेवा, पण वरच्या ओळी बदला. मात्रा महिनोन्‌महिने ५ मिलिग्रॅमच आहे, मे महिन्यात गालावरचा चट्टा परत आला, तोंडात फोड आले, केस मुठीनं गळू लागले, प्लेटलेट घसरल्या. आता ल्युपस पुढे येतो. आणखी एकदा बदला: तीन आठवडे संध्याकाळचा बारीक ताप, डोकं ठणकतं, जेवण सुटलंय, दोन दिवसांपासून दिवसाही झापड, वार उलटे म्हणता येत नाहीत. आता क्षयाच्या मेंदूज्वराचा शोध घेतल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. ‘नजर ठेवतात’ हे वाक्य तिन्ही वेळा तेच होतं. आजार ओळखू आला तो आधीच्या ओळींवरून.

एक आक्षेप रास्त आहे: घरच्यांची आठवण विश्वासाची असते का? पूर्ण नसते. ‘गोळी वाढवल्यापासूनच झालं’ हे पुष्कळदा मागाहून जुळवलेलं असतं, विशेषतः घरात आधीच गोळ्यांविषयी राग असेल तर. म्हणूनच बिलं आणि रिपोर्ट जोडा. त्यांच्यावरच्या तारखा कोणाच्या रागालोभाप्रमाणे बदलत नाहीत. आणि रुग्णाची स्वतःची नोंद वेगळी घ्या. झोप उडण्याआधी तिला काय जाणवत होतं, हे सासूला किंवा नवऱ्याला माहीत असेलच असं नाही.

स्टेरॉइडचा वाटा

स्टेरॉइडनं मन बिघडू शकतं ही समजूत खोटी नाही, पण ती मात्रेशी बांधलेली आहे. बॉस्टनमधल्या औषध-निरीक्षण प्रकल्पानं १९७२ मध्ये रुग्णालयातल्या रुग्णांचे आकडे प्रसिद्ध केले. रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत मानसिक त्रास १.३ टक्क्यांना झाला, ४१ ते ८० मिलिग्रॅममध्ये ४.६ टक्क्यांना आणि ८० च्या वर १८.४ टक्क्यांना. प्रेडनिसोन आणि आपल्याकडे मिळणारं प्रेडनिसोलोन मात्रेला सारखंच धरतात. हा त्रास बहुधा मात्रा वाढवल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसतो आणि सुरुवात झोपेपासून होते. मग अकारण उत्साह, चिडचिड, क्वचित भ्रम. रक्तातलं अल्ब्युमिन कमी असेल तर धोका वाढतो, आणि मूत्रपिंडाच्या ल्युपसमध्ये ते पुष्कळदा कमी असतं. तेव्हा ५ मिलिग्रॅमवर वर्षभर असलेल्या रुग्णाच्या नव्या भ्रमाचं खापर स्टेरॉइडवर फोडणं, आणि ६० वर पाचव्या दिवशी झोप उडालेल्या रुग्णाला ‘ल्युपस मेंदूत गेला’ म्हणून आणखी मात्रा देणं, या दोन्ही गोष्टी आकड्यांशी विसंगत आहेत.

इथे जाणकार वाचक अडवतील: मात्रा वाढवली जाते तीच ल्युपस उसळला म्हणून. मग दोन्ही एकाच आठवड्यात आले तर क्रम काय कामाचा? अडचण खरी आहे. अशा वेळी आजूबाजूचे पुरावे पाहावे लागतात. ल्युपस इतरत्र पेटलेला आहे का: रक्तातली सी३ आणि सी४ ही प्रथिनं खाली, डीएनएविरोधी प्रतिपिंडं वर, लघवीत रक्तपेशी, नवा चट्टा? पूर्वी हीच मात्रा सोसली होती का? भ्रमाच्या जोडीला आकडी, तोल जाणं, एका बाजूचा अशक्तपणा आहे का? असेल तर स्टेरॉइड एकट्याला जबाबदार धरता येत नाही. तरीही काही रुग्णांत उत्तर पहिल्या दिवशी मिळत नाही. मग डॉक्टर एक दिशा निवडतात, म्हणजे मात्रा थोडी उतरवतात किंवा ल्युपसवरचं दुसरं औषध चढवतात, आणि झोप व भ्रम यांत काय फरक पडतो ते पाहतात. त्यांना विचारून ठेवा: ‘कोणत्या तारखेपर्यंत फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर काय?’

स्वतःहून मात्र गोळी बंद करू नका. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यानंतर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल झोपी गेलेलं असतं. गोळी एकदम थांबली तर रक्तदाब आणि सोडियम पडतात, उलट्या होतात, माणूस ग्लानीत जातो, आणि त्या ग्लानीला पुन्हा कोणीतरी ‘मेंदूचा ल्युपस’ म्हणतं.

आपल्याकडे पहिला प्रश्न संसर्गाचा

परदेशी मार्गदर्शिकांत ‘संसर्ग वगळा’ हे एक वाक्य असतं. भारतात त्या वाक्याला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा लागतो. स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट घेणाऱ्या माणसात क्षयाचा मेंदूज्वर, क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी, नागिणीच्या जातकुळीतले विषाणू यांना वाट मोकळी मिळते, आणि स्टेरॉइडमुळे ताप दबून राहतो. ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, हा निष्कर्ष इथे चालत नाही. थोडी मदत सीआरपी या रक्ततपासणीची होते: ल्युपस एकटाच उसळला असेल तर सीआरपी पुष्कळदा फारसं वाढत नाही, खूप वाढलं असेल तर संसर्ग शोधा. सांध्यांचा किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा दाह असेल तर हा आडाखा चुकतो.

म्हणूनच पाठीतलं पाणी काढण्याचा सल्ला मिळाला तर घाबरून नकार देऊ नका. ‘त्यानं पाय जातात’ ही भीती गावोगाव आहे. सुई टोचतात ती कंबरेच्या खालच्या भागात, जिथे मज्जारज्जू वरच संपलेला असतो. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, हा खरा आणि सामान्य त्रास. प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा मेंदूवर दाब असेल तर मात्र डॉक्टर आधी त्याची व्यवस्था करतात. त्या पाण्यात पेशी, प्रथिनं, साखर, बुरशीची चाचणी आणि क्षयासाठी सीबीनॅट होते. सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी क्षय पूर्ण वगळला जात नाही. बाकीचं चित्र क्षयाचं असेल तर डॉक्टर त्यावर उपचार करतीलच. यात विसंगती काही नाही.

क्षयाची औषधं आधीच चालू असतील तर कागदावर ठळक लिहा. आयसोनियाझिडनं क्वचित भ्रम होतो, आकडी येते, पायांना मुंग्या येतात. रिफॅम्पिसिन प्रेडनिसोलोन झपाट्यानं शरीराबाहेर घालवतं, म्हणजे गोळी तीच आणि परिणाम कमी. ल्युपस उसळण्याचं ते एक चोरटं कारण आहे.

तपासण्या काय सांगतात, काय नाही

रक्ताच्या साध्या तपासण्या सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. एमआरआयची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. पुढच्या तपासण्या तालुक्याच्या प्रयोगशाळेतही बहुतेक होतात:

- सोडियम, कॅल्शियम, साखर, क्रिएटिनिन, यकृताची तपासणी, रक्तगणना
- लघवीची साधी तपासणी आणि प्रथिनं
- थायरॉइड आणि बी१२. शाकाहारी घरांत बी१२ विसरू नका
- रक्तदाब, रोज आणि लिहून. रक्तदाब एकदम चढला तर मेंदूच्या मागच्या भागात सूज येऊन आकडी आणि अंधारी येते; वेळेत उतरवला तर ती बहुधा भरून निघते

एमआरआय उपयोगाचा आहे, पण त्याच्याकडून न्यायनिवाडा मागू नका. तो पक्षाघात, गाठ, फोड, मज्जारज्जूचा दाह दाखवतो. ल्युपसमुळेच भ्रम झालेल्या कित्येक रुग्णांत तो स्वच्छ येतो, त्यामुळे ‘नॉर्मल एमआरआय, म्हणजे मनाचं’ हे वाक्य चूक आहे. उलट रिपोर्टमधले बारीक पांढरे ठिपके अर्धशिशी, उच्च रक्तदाब आणि वय यांनीही दिसतात, म्हणून ‘ठिपके आहेत, म्हणजे ल्युपस मेंदूत गेला’ हेही तितकंच चूक. ईईजी आकडीच्या प्रश्नाला मदत करतो. उदासीच्या प्रश्नाला नाही.

फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांची तपासणी मात्र आग्रहानं विचारा: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, कार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पहिलीचं नाव फसवं आहे. ती ल्युपस नसतानाही पॉझिटिव्ह येते आणि शरीरात रक्त पातळ न होता गुठळ्या होतात. पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण एखाद्या संसर्गानं ती तात्पुरती वाढते. पूर्वी गर्भ वारंवार पडले असतील, पायात गुठळी झाली असेल, कातडीवर जाळीसारखे जांभळट डाग असतील तर ते सांगा. गुठळीनं पक्षाघात झाला असेल तर मुख्य उपाय रक्त पातळ ठेवण्याचा असतो, बहुधा वॉरफॅरिन. नुसतं स्टेरॉइड वाढवून पुढची गुठळी थांबत नाही. तिन्ही प्रतिपिंडं पॉझिटिव्ह असतील तर रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या टाळतात, कारण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या घेणाऱ्यांत गुठळ्या वॉरफॅरिनपेक्षा जास्त झाल्या.

रायबोसोमल पी या प्रतिपिंडाची जाहिरात ‘मेंदूच्या ल्युपसची टेस्ट’ अशी होते. ते भ्रम नसलेल्या पुष्कळ रुग्णांत सापडतं आणि भ्रम असलेल्या पुष्कळांत सापडत नाही. पैसे मोजके असतील तर ती तपासणी मागे ठेवा.

‘एवढं सगळं होईपर्यंत उपचार थांबवायचे का?’

हा सगळ्यांत वजनदार आक्षेप आहे, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. रुग्ण बेशुद्धीकडे चालला असेल तर जाणते डॉक्टर पाठीतल्या पाण्याचा नमुना घेऊन त्याच तासाला प्रतिजैविकं आणि विषाणूवरचं औषध सुरू करतात; मज्जारज्जूच्या दाहात मोठ्या मात्रेचं मिथाइलप्रेडनिसोलोन लांबवत नाहीत. आकडी थांबवायला आणि भ्रमानं बेचैन झालेल्या माणसाला शांत करायला कारण कळण्याची गरज नसते. वगळत जाण्याची पद्धत उपचाराला अडवत नाही. ती फक्त एवढं सांगते, की पहिल्या रात्री नाइलाजानं सुरू केलेली औषधं दहाव्या दिवशी सवयीनं चालू राहू नयेत.

दाह सिद्ध झाला की मात्र हात आखडता घेऊ नये. २००५ मध्ये मेक्सिकोतल्या ३२ रुग्णांच्या चाचणीत मेंदूच्या गंभीर ल्युपसवर सायक्लोफॉस्फामाइड दिलेल्या १९ पैकी १८ जणांना गुण आला, तर अधूनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन दिलेल्या १३ पैकी ७ जणांना. चाचणी लहान आहे, पण योग्य निदानानंतर जोरकस उपचार फळतो एवढं तिच्यावरून म्हणता येतं. हेच औषध चुकीच्या निदानावर दिलं तर संसर्ग बळावतो आणि तरुण मुलीच्या बीजांडांना इजा होते. सायक्लोफॉस्फामाइड सुरू करण्याआधी मूल होण्याविषयी बोलून घ्या. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

उदासी, विसराळूपणा, डोकेदुखी

हे तिघं सर्वांत जास्त भेटतात आणि बहुतेकदा थेट मेंदूच्या दाहाचे नसतात. दीर्घ आजार, अपुरी झोप, कमी हिमोग्लोबिन, अंगदुखी, बदललेला चेहरा, मोडलेली लग्नं ही कारणं काही कमी नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी स्टेरॉइड वाढवून घेऊ नका. पण ‘ल्युपसचं नाही’ म्हणजे ‘काहीच नाही’ असंही कोणाला म्हणू देऊ नका. उदासीवर समुपदेशन आणि औषधं ल्युपसच्या रुग्णांतही काम करतात. विसराळूपणासाठी आधी थायरॉइड, बी१२, झोप आणि उदासी पाहा. तरीही वाढतच असेल तर स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी मागा. डोकेदुखी बहुतेक वेळा अर्धशिशीच निघते. मात्र नवी, दिवसेंदिवस वाढणारी, आडवं झाल्यावर बळावणारी किंवा तापाबरोबरची डोकेदुखी या परिच्छेदातली नव्हे.

या चुका टाळा

- हायड्रॉक्सिक्लोरोक्विन भ्रमाच्या संशयावरून परस्पर बंद करणं. त्यानं भ्रम होणं दुर्मीळ आहे, आणि ते थांबलं तर ल्युपस उसळण्याचा धोका खरा आहे.
- संधिवाततज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्या तीन वेगळ्या फायली करणं. फाइल एकच ठेवा आणि औषधांचा शेवटचा शब्द कोणाचा, हे तिघांनाही विचारून ठरवा.
- मनोविकारतज्ज्ञांना ल्युपस न सांगणं, किंवा इतर डॉक्टरांपासून मनाच्या गोळ्या लपवणं.
- ‘अंगात आलंय’ म्हणून देवऋषाकडे आठवडे घालवणं. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

तुमचे हक्क

‘मनोविकारतज्ज्ञांचा कागद झाला की मुलीवर वेडाचा शिक्का बसेल’ या भीतीनं कित्येक घरं मदत लांबवतात. ही भीती समाजाकडे पाहता निराधार नाही, पण कायदा त्या समाजापेक्षा पुढे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आजचा मानसिक आजार ठरत नाही, आणि मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस कायद्याच्या अर्थानं वेडा ठरत नाही. ते फक्त न्यायालय ठरवू शकतं. कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर विमा द्यायचा आहे. ‘हा खर्च मानसिक आहे’ म्हणून दावा फेटाळला तर लेखी कारण मागा. कलम ९४ खालचे तातडीचे उपचार ७२ तासांपुरते आहेत. इच्छा नसताना आधारानं भरती करायची तर कलम ८९ ची प्रक्रिया, दोन स्वतंत्र तपासण्या आणि ३० दिवसांची मर्यादा लागू होते. शुद्धीत असताना आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे रुग्णाला स्वतः साध्या कागदावर लिहून सही करून ठेवता येतं. मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड सुरू होण्याआधीचा दिवस त्यासाठी चांगला.

भरतीचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळावेत, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका; एमआरआयची सीडी, पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट आणि रोजचा औषधतक्ता यांच्या प्रती घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला परवानगी लागत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच भेटा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत ल्युपसचं नाव नाही, पण पक्षाघातानं आलेलं अपंगत्व किंवा दीर्घ मानसिक आजार त्यात बसू शकतो.

घरी आल्यावर कागद बंद करू नका. स्टेरॉइड किती दिवसांनी कितीवर आलं, झोप कधी परतली, भ्रम कधी विरला, हे लिहीत राहा. तीन महिन्यांनी प्रतिपिंडांची फेरतपासणी करायला जाल, तेव्हा हा कागद पुढे ठेवून दोन गोष्टी विचारा: भ्रमावरची गोळी आता उतरवायला सुरुवात करता येईल का, आणि फाइलवर पहिल्या रात्री लिहिलेलं ‘मेंदूचा ल्युपस’ हे निदान अजूनही तसंच ठेवायचं का.